रोज एक सूत

सीपीआरच्या वॉर्डात, खिडकीकडच्या खाटेवर
जोतीराम व्हटकर. वय बावन्न. धंदा: चप्पल.
गंगावेशीच्या वळणावर उसाची ट्रॉली कलंडली
आणि डावी पोटरी तासभर तिच्याखाली.

हाड शाबूत होतं.
पण मांस आतल्या आत फुगत गेलं
आणि त्याला जागा कुठली?
रात्री दोनला मी पोटरी उघडली,
गुडघ्याखालून घोट्यापर्यंत.
काहिलीत मळी वर येते तसं
सावकाश वर आलं ते.
पावलाला ऊब आली. पाय वाचला.
उरली जखम: वीतभराहून लांब, चार बोटं रुंद.

लगेच ओढून शिवली तर पुन्हा तोच कोंडमारा.
तशीच ठेवली तर कडा मागे सरतात रात्रीतून,
भाऊबंदकीतल्या बांधासारख्या.

म्हणून कडांना पिना, पिनांतून रबरी दोरा,
इकडून तिकडे, तिकडून इकडे, फुल्या फुल्या.
पुस्तकात ह्याला बुटाच्या लेसचं नाव आहे.
राउंडला मी ते मोठ्यांदा सांगितलं.
व्हटकर छताकडे बघत म्हणाले,
"बूट न्हाई करत आमी.
पर ही वीण आमच्यात पोरगं सातव्या वर्षी शिकतंय."

तिसऱ्या दिवशी ओढताना त्यांनी माझं मनगट धरलं.
"थांबा. कड पांढरी पडली."
पडली होती. मी सलाइनकडे बघत होते.
"पांढरं पडलं की कातडं नगं म्हनतंय.
एक सूत सोडा. उद्या ऐकंल."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.
माझ्या पट्टीवर मिलिमीटर आहेत,
त्यांचं माप अंगठ्याच्या नखावर.

मग तसंच ठरून गेलं.
साडेआठला ड्रेसिंग. आधी भिजवायचं, मग ओढायचं.
ओढायची मी, बघायचे ते.
बाकीची खोली चहा पीत असायची.

माझे वडील सुभाषनगरात चपला घ्यायचे.
वाकवून बघायचे, करकर ऐकायचे, घासाघीस करायचे,
आणि पैसे फळीवर ठेवायचे. हातात नाही.
हे मला तेव्हा दिसलं होतं की आत्ता दिसतंय,
सांगता येत नाही.
मोजे घालून मी ह्या माणसाच्या कातडीला हात लावते
आणि तो म्हणतो,
"हात जड हाय अजून तुमचा."

नवव्या दिवशी कडा भेटल्या.
घोट्याजवळ मात्र नाही. तिथं कातडं हाडालाच चिकटून,
देण्यासारखं काही नव्हतंच त्याच्याकडे.
मांडीवरून कांद्याच्या पातीसारखा पापुद्रा तासला,
यंत्रातून काढून जाळी केली, पसरली.
"ठिगळ," ते म्हणाले.
तुमचीच कातडी आहे, मी म्हटलं.
"माजी आसली म्हनून काय झालं?"
चार दिवस नीट बोलले नाहीत.

घरी जाताना त्यांनी रबरी दोरा मागितला.
वापरलेला पिवळ्या बादलीत गेला होता.
मी पाकिटातला नवा दिला,
रजिस्टरमध्ये न लिहिता.

दीड महिन्यानं आले. उजव्या पायात स्वतःची कानवाली,
डाव्यात दवाखान्यासमोरच्या गाड्यावरची स्लिपर.
"घातलं बगा तुमचं रबर वेणीला.
न्हाई चालत.
ओढलं की येतंय, सोडलं की परत आपल्या जागी.
कातड्याचं तसं नसतंय.
ते याला वेळ लावतंय, पर आलं की..."

स्टुलावर पाय ठेवला.
जाळीची नक्षी अजून दिसत होती, माशाच्या खवल्यांसारखी.
माझा अंगठा धरून त्यांनी घोट्याच्या कडेवर टेकवला.
"हितं दाबा. हितं तुमी घाई केलीसा."

बाहेर शिपाई पुढचं नाव पुकारत होता.
मोजे टेबलावर होते.
मी दाबून बघितलं.
केली होती.